कामावरचं शिक्षण युनियनने कसं चालवावं : कोकणातल्या कारखान्यांसाठी

लोटे-परशुराम, महाड, रोह्याचं धाटाव, रत्नागिरीचं मिरजोळे, कुडाळ. एमआयडीसी कुठलीही घ्या, प्रशिक्षणाचं रजिस्टर भरलेलं असतं. सह्या असतात, फोटो असतात, ऑडिटरपुढे ठेवायला फाईल असते. आणि १५ वर्षं रसायनांचा रिॲक्टर सांभाळणारा माणूस पगारपत्रकात हेल्परच असतो. माणसाला काय येतं आणि त्याला पैसे कशाचे मिळतात, या दोहोंतली ही फट बुजवायची कशी, ते इथे सांगितलं आहे.

कंपनी तिच्या गरजेपुरतं शिकवते, त्यात वावगं काही नाही. पण शिकलेल्याची ग्रेड बदलून घेणं, शिकण्याचा वेळ कामात धरायला लावणं आणि ज्याला नीट वाचता येत नाही त्याची अब्रू राखून त्याला पुढे नेणं, ही तीन कामं युनियनशिवाय कोणी अंगावर घेत नाही.

आधी माणसं नेमा

ब्रिटनमधल्या कामगार संघटनांनी ‘युनियन लर्निंग रेप्रेझेंटेटिव्ह’ हे पद तयार केलं आणि २००२ च्या तिथल्या रोजगार कायद्याने त्या माणसाला या कामासाठी पगारी वेळ मिळवून दिला. आपल्या कायद्यात असं पद नाही, पण कमिटीच्या साध्या ठरावाने नेमता येतं. नाव ‘शिक्षण प्रतिनिधी’ ठेवा, सगळ्यांना कळतं.

प्रत्येक शिफ्टला एक आणि मेंटेनन्सचा वेगळा एक, असे चार जण १५०-२०० सभासदांच्या कारखान्याला पुरतात. सेक्रेटरीला हे काम देऊ नका. त्याच्याकडे आधीच शो-कॉज, क्लेम आणि साहेबांशी रोजची ओढाताण असते, त्यामुळे शिक्षणाचं काम नेहमी उद्यावर जातं. प्लांटमध्ये ज्याला नवी पोरं बिनदिक्कत शंका विचारतात तो माणूस हुडका, मग तो युनियनच्या मीटिंगला मागच्या बाकावर का बसत असेना. जिथे बायका कामाला आहेत तिथे एक बाई हवीच. कंत्राटी कामगार सभासद असतील तर त्यांच्यातला एक घ्या.

ठरावात चार गोष्टी लिहा: नावं, मुदत (दोन वर्षं पुरे), आठवड्याला किती तास या कामाला द्यायचे, आणि कामगाराने विश्वासाने सांगितलेली माहिती मॅनेजमेंटकडे जाणार नाही ही हमी. चौथी गोष्ट फार महत्त्वाची. चाळिशीतला ऑपरेटर ‘मला इंग्रजी एसओपी (कामाची लेखी पद्धत) वाचता येत नाही, मी बघून बघून करतो’ हे एचआरला कधीच सांगणार नाही. शेजारी डबा खाणाऱ्याला सांगेल.

मोजणी: कोणाला काय येतं

पहिल्या महिन्यात वर्ग घेऊ नका, मोजणी करा. एका मोठ्या वहीत डाव्या बाजूला नावं आणि वरच्या ओळीत कामं. कामं लिहिताना खात्यांची नावं घालायची नाहीत, हाताने होणारी कामं घालायची: सेंट्रीफ्यूज उतरवणं, पंपाचं मेकॅनिकल सील बदलणं, डीसीएसवर (प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) अलार्म वाचून कारण शोधणं, बॉयलरचं पाणी तपासणं, हॉट वर्क परमिट (ठिणगी उडेल अशा कामाची परवानगी) भरणं, फोर्कलिफ्ट चालवणं. एका खात्याला १२ ते १५ कामं पुरतात. ४० लिहिलीत तर वही अर्ध्यावरच बंद पडते.

प्रत्येक चौकोनात ० ते ४ आकडा. ० म्हणजे केलेलं नाही, १ म्हणजे बघितलंय, २ म्हणजे कोणी बरोबर असेल तर करतो, ३ म्हणजे एकट्याने करतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आकडा आधी कामगाराने स्वतः द्यायचा, मग त्याच खात्यातल्या दुसऱ्या जाणत्याने. दोघांत दोनचा फरक पडला तर वाद न घालता काम करून दाखवायला सांगायचं. नवीन पोरं स्वतःला जास्त देतात, बायका आणि जुनी माणसं कमी देतात; हे जवळजवळ ठरलेलं असतं.

उजवीकडे आणखी तीन रकाने: सध्याची ग्रेड, हातात असलेलं सर्टिफिकेट, निवृत्तीला उरलेली वर्षं.

आता वही वाचा. ज्या कामाच्या उभ्या रकान्यात ३ किंवा ४ फक्त एकाच माणसाला आहे, त्या कामाभोवती लाल गोल करा. तो माणूस गणपतीला गावी गेला की प्लांट अडतो, आणि तो तीन वर्षांत निवृत्त होणार असेल तर मॅनेजमेंटला झोप लागायला नको. बोलणीत तुमचं सगळ्यात मोठं भांडवल हे लाल गोल. दुसरं, ज्याच्या आडव्या ओळीत बहुतेक ३ आणि ४ आहेत पण ग्रेड अकुशल किंवा अर्धकुशल लिहिलेली आहे, त्या नावाखाली रेघ मारा. वेतनकराराच्या वेळी अशी किती नावं निघाली ते कामाला येतं.

मोजणीत बिघडतं ते भीतीपोटी. ‘ही यादी कपातीला वापरतील’ अशी कुजबूज दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये सुरू होते, आणि ती अगदीच खोटी नसते. म्हणून वही युनियनच्या ताब्यात राहील, मॅनेजमेंटला फक्त बेरजा मिळतील (‘मेकॅनिकल सील: एकट्याने करणारे २, हवेत ६’) आणि एकही नाव बाहेर जाणार नाही, हे मोजणीआधी गेट मीटिंगमध्ये मोठ्याने सांगा. वहीचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सक्त मनाई करा. एकदा फोटो फिरला की पुढच्या वेळी कोणी खरा आकडा देत नाही.

पहिला वर्ग कागदाचा

बहुतेक युनियनना पहिला वर्ग पीएलसीचा (मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचा) किंवा कॉम्प्युटरचा हवा असतो. आमचं मत वेगळं आहे: रासायनिक पट्ट्यात पहिला वर्ग सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणाऱ्या कागदाचा घ्या. हे कागद बहुधा इंग्रजीत येतात, ड्रमबरोबर येऊन ऑफिसच्या कपाटात जातात, आणि ज्याच्या अंगावर माल उडायचा तो ते बघतही नाही. शिवाय या वर्गाला मॅनेजमेंट नाही म्हणू शकत नाही. सुरक्षेचं शिक्षण मागण्याचा कामगाराचा हक्क कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम १११-अ खाली लिहिला गेला, आणि नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही माहिती आणि प्रशिक्षण देणं ही मालकाचीच जबाबदारी आहे.

शीटचे १६ भाग ठरलेले असतात. सगळे शिकवायची गरज नाही. ४ प्रथमोपचार, ५ आग, ६ सांडलं तर, ७ हाताळणी आणि साठवण, ८ अंगावर काय घालायचं, १० कशाशी जमत नाही. हे सहा भाग दीड-दीड तासाच्या तीन बैठकांत होतात. एका वेळी १०-१२ माणसं. तुमच्याच प्लांटमधल्या दोन रसायनांच्या शीट झेरॉक्स करून द्या, जगातली इतर रसायनं नकोत. थायोनिल क्लोराईड वापरात असेल तर तेच घ्या: ते पाण्याशी जोरात प्रक्रिया करून हायड्रोजन क्लोराईड आणि सल्फर डायऑक्साईड सोडतं, म्हणजे सांडल्यावर सवयीने पाण्याचा पाईप मारणं किती महागात पडेल ते भाग ५ आणि ६ वाचताना आपोआप कळतं. जुलैत सगळीकडे लादी ओली असताना तर हे पाठच हवं.

कोणालाही उठून मोठ्याने वाचायला लावू नका. जोड्या लावा, एक चांगलं वाचणारा आणि एक कच्चा. प्रश्न असे घाला की उत्तर बोट ठेवून दाखवता येईल: ‘डोळ्यात गेलं तर किती मिनिटं धुवायचं, दाखव.’ याच वर्गात प्रतिनिधीला न विचारताच कळतं की कोणाला अक्षरओळखीपासून मदत लागणार आहे. त्यांची वेगळी बैठक पुढे ठेवा, नाव ‘इंग्रजीचा वर्ग’ द्या. ‘साक्षरता वर्ग’ म्हटलंत तर कोणी फिरकणार नाही.

कुठली सर्टिफिकेटं खरोखर उपयोगी

बाजारात सर्टिफिकेटं भरपूर आहेत. कामाची ती, जी नसताना काम करणं कायद्याला चालत नाही. त्यांच्यामागे कायदा असतो, त्यामुळे ग्रेड मागताना हात वर राहतो.

बॉयलर अटेंडंट हे यातलं पहिलं. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, पण बॉयलर प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यात असावा ही अट जुनीच आहे. परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. अडचण अभ्यासाची कमी आणि अनुभवाच्या दाखल्याची जास्त येते. वर्षानुवर्षं बॉयलरवर उभा असलेल्या माणसाला कंपनी दाखला देत नाही, कारण विनाप्रमाणपत्र माणूस बॉयलर चालवत होता हे तिच्याच लेटरहेडवर येईल. मार्ग असा: दाखला ‘फायरमन’ किंवा मदतनीस म्हणून मागा, त्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, कामाच्या तारखा आणि ज्या प्रमाणित अटेंडंटच्या हाताखाली काम केलं त्याचं नाव घ्या. हे खरं असेल तरच मागा. खोटा दाखला तोंडी परीक्षेत उघडा पडतो.

विजेच्या कामाला तारतंत्री (वायरमन) परवाना. धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचा कोर्स करून लायसन्सवर नोंद लागते. कंत्राटी ड्रायव्हरांची ही नोंद आहे का, हे युनियनने गेटवर एकदा तपासावंच. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र स्वस्त आहे, लवकर मिळतं आणि जुन्या कारखाने कायद्याचा दर १५० कामगारांमागे एक पेटी आणि तिच्यावर प्रशिक्षित माणूस हा हिशेब हातात असला की मागणी सोपी जाते.

पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देणारं, म्हणजे आरपीएलचं सर्टिफिकेट घेताना एकच काळजी घ्या. त्यावर एक ठरलेलं कामाचं नाव आणि पातळी असते. प्लांटमध्ये तुम्ही करता ते काम आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नसेल तर तो कागद ग्रेडच्या वादात बाजूला काढला जातो. एजन्सी जे नाव सोयीचं तेच लावते. नावनोंदणीआधी कामांच्या नावांची यादी मागून घ्या.

आणि दहावी. अनेक रस्ते दहावीपाशीच अडतात. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. फॉर्म पावसाळ्यात भरायचे आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून शिमग्यात आठवण झाली तर पूर्ण वर्ष गेलं समजा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि इथेच निम्मी माणसं अडतात: दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पीएफमध्ये तिसरं. नावं जुळवायला वेळ जातो, म्हणून शिक्षण प्रतिनिधीने पहिल्याच महिन्यात प्रत्येकाकडून तिन्ही कागद मागवून बघावेत. दहावी-बारावीच्या पुढे ज्यांना जायचं आहे त्यांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

वेळ, बस आणि पाऊस

चांगले वर्ग इथे मरतात, म्हणून थोडं विस्ताराने.

शिफ्ट ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७ धरा. वर्गाच्या दोनच वेळा चालतात: दुपारी १.१५ ते २.४५, दुसऱ्या शिफ्टला येणाऱ्यांसाठी, आणि ३.१५ ते ४.४५, पहिली शिफ्ट सुटलेल्यांसाठी. नाईट करून आलेल्याला वर्गात बसवू नका, तो डोळे उघडे ठेवून झोपतो. म्हणजे दर आठवड्याला एक तुकडी वर्गाबाहेर राहणार. उपाय असा की आठवड्याला दोन धडे घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात तेच दोन धडे नाईटवरून उतरलेल्या तुकडीला पुन्हा द्यायचे. दीड तासाचे १४ धडे, म्हणजे २१ तासांचा अभ्यासक्रम, असा १४ आठवड्यांत तिन्ही तुकड्यांचा पुरा होतो. शिकवणाऱ्याचे मात्र ६३ तास होतात, कारण प्रत्येक धडा तीनदा शिकवायचा असतो. खर्चाचा अंदाज बांधताना २१ तास धरले जातात आणि मग मध्येच पैसे संपतात.

दुसरी गोष्ट बसची. कंपनीची बस ३.२० ला सुटते. वर्ग ४.४५ ला संपला की गुहागर, दापोली, मंडणगडच्या बाजूच्या गावातल्या माणसाला एसटीची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि घरी पोचेपर्यंत रात्र होते. दुसऱ्या आठवड्यात तो येत नाही. लोक म्हणतात शिकायची हौस नाही. हौस होती, बस नव्हती. वर्गाच्या दिवशी ५ वाजताची एक गाडी लेखी घ्या. ते जमलं नाही तर वर्ग फक्त दुपारी १.१५ चा ठेवा. नाईट संपवून दुसऱ्या शिफ्टला आलेली तुकडीही त्यातच येते, फक्त अभ्यासक्रम लांबतो.

महिने निवडताना पंचांग आणि शेती दोन्ही बघा. जूनअखेर ते जुलै लावणी. मग गणपती, त्या पंधरवड्यात अर्धा कारखाना गावी. शिमग्यात पालखी. मे महिन्यात लग्नं आणि आंबा. उरतं ते भाऊबीज झाल्यापासून शिमग्यापर्यंत, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलेले १४ आठवडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरोबर संपतात. वार्षिक शटडाऊनमध्ये वर्ग घ्या असं मॅनेजमेंट हमखास सुचवते. ऑपरेटरांसाठी ठीक आहे, पण फिटर, वेल्डर आणि कंत्राटी माणसांचं सगळ्यात जास्त काम तेव्हाच असतं. त्यांची नावं त्या बॅचमध्ये घालू नका.

मच्छीमारी बोटींवरच्या इंजिनच्या वर्गांना मात्र पावसाळाच सोयीचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि बोटी ओढलेल्या असतात. बाहेरून आलेले खलाशी त्या काळात घरी जातात, तेव्हा तो वर्ग स्थानिक तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि इंजिन सांभाळणाऱ्यांपुरताच ठरवा.

पैसा कुठून

युनियनच्या सर्वसाधारण निधीतून सभासदांच्या शिक्षणावर खर्च करायला १९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासून मुभा आहे. तरी हिशेब बघा. १८० सभासदांनी महिना १० रुपये जास्त दिले तर वर्षाचे २१,६०० होतात. शिकवणाऱ्याला तासाला ५०० रुपये धरले तर वरच्या ६३ तासांचेच ३१,५०० होतात. म्हणून वाटणी अशी करा: शिकवणारा, जागा, चहा आणि बस ही कंपनीची; फॉर्म, परीक्षा फी, पुस्तकं आणि ज्यांची नावं जुळवायची आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रं युनियनची.

फुकट मिळण्यासारखंही बरंच आहे. १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ म्हणून सुरू झालेलं आणि आता दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखलं जाणारं राष्ट्रीय मंडळ आहे. युनियनने पत्र दिलं तर त्याचे शिक्षणाधिकारी कारखान्यात येऊन वर्ग घेतात. तुमच्या पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये जी छोटी रक्कम कापली जाते ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची. त्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या आणि शिक्षणासाठीच्या अर्थसहाय्याच्या योजना आहेत, आणि पैसे कापले जाऊनही अर्ज न करणारेच जास्त. कमिटीच्या माणसांना कामगार कायदा शिकायचा असेल तर परळची नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची राज्य सरकारी संस्था आहे. सुरक्षेसाठी सायनची केंद्रीय श्रम संस्था.

‘सीएसआरमधून (कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चातून) करू’ असं कोणी गोड बोललं तर थांबा. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचा खर्च सीएसआर नियमांत बसत नाही. वर्षअखेर ऑडिटर तो बाहेर काढतो आणि पुढच्या वर्षी वर्ग बंद. आसपासच्या गावातल्या पोरांसाठी त्या पैशातून कोर्स निघू शकतो, तो मागा. कामगारांसाठी नेहमीच्या खर्चातूनच तरतूद हवी. सरकारी निधीवरही पूर्ण विसंबू नका. ब्रिटनमध्ये १९९८ ला सुरू झालेला युनियन लर्निंग फंड इंग्लंडपुरता २०२१ मध्ये सरकारने बंद केला.

करारात कलम घाला

आधी विषय वर्क्स कमिटीत, म्हणजे मालक आणि कामगारांच्या संयुक्त समितीत न्या (१०० किंवा जास्त कामगार असतील तर ती असते) आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मग मागणीपत्रात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढा कोणालाच नसेल तर किमान २० टक्केवाल्या युनियनची मिळून परिषद बसते. दोन युनियन असतील तर शिक्षणाच्या कलमावर आधी आपसात एकमत करा. इतर मुद्द्यांवर भांडायला जागा भरपूर आहे.

कलम साधारण असं लिहावं:

‘प्रत्येक कामगारास वर्षाला किमान २४ तास प्रशिक्षण दिले जाईल व हा काळ कामाचा समजला जाईल. वर्ग ड्यूटीबाहेर झाल्यास तेवढ्या तासांची बदली सुट्टी अथवा ओव्हरटाईम दिला जाईल. प्रशिक्षणार्थींची निवड दोन्ही बाजूंचे प्रत्येकी तीन सदस्य असलेली समिती करील. समितीने मान्य केलेले प्रमाणपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत संबंधित ग्रेड लागू होईल. जागा रिक्त नसल्यास दोन ग्रेडमधील फरकाच्या निम्मी रक्कम कौशल्य भत्ता म्हणून दिली जाईल. प्रशिक्षणातील गुण अथवा नोंदी शिस्तभंग किंवा कपातीसाठी वापरल्या जाणार नाहीत. कंत्राटी कामगारांना सुरक्षा प्रशिक्षण याच अटींवर मिळेल.’

मसुदा परत येतो तेव्हा तीन ठिकाणी कात्री लागलेली असते. ‘ग्रेड लागू होईल’च्या जागी ‘ग्रेड देण्याबाबत विचार केला जाईल’. हे मान्य केलंत तर बाकी कलमाला अर्थ उरत नाही. विचार कायमच चालू राहतो. दुसरी कात्री भत्त्याच्या वाक्याला. त्यावर निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा घेऊन सोडा, पण वाक्य राहू द्या. तिसरीकडे नवीन वाक्य शिरलेलं असतं: प्रशिक्षण घेतलेल्याने तीन वर्षं नोकरी सोडू नये, सोडल्यास खर्च वसूल. बाँड टाळता येत नसेल तर तो फक्त बाहेरच्या संस्थेच्या प्रत्यक्ष बिलापुरता ठेवा, एका वर्षाचा, आणि दर महिन्याला बारावा हिस्सा कमी होणारा. कारखान्यातल्या वर्गावर बाँड अजिबात नको.

ज्याला येतं तो सांगत नाही

जाणता फिटर सील बदलताना पोराला स्पॅनर आणायला पाठवतो, आणि पोरगा परत येईपर्यंत सील बसलेलं असतं. याला खडूसपणा म्हणून सोडून देऊ नका. आपल्याशिवाय काम अडतं म्हणून आपला ओव्हरटाईम आहे, आपली किंमत आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. शिकवलं की ते जाणार. आधी त्याचा तोटा भरून काढा: ज्याला वहीत ४ आहे आणि जो वर्षात दोन माणसांना २ वरून ३ वर आणतो, त्याला ‘शिकवणी भत्ता’ आणि निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत हलकं काम. शिकवल्याची खूण सोपी ठेवा: शिकणाऱ्याने तीन वेगळ्या दिवशी, कोणी हात न लावता, ते काम करून दाखवलं आणि प्रतिनिधीने तारखा लिहिल्या. एका दिवशी जमणं हा योगायोग असू शकतो.

शिकाऊ उमेदवारांचं बघा. ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. २०० माणसांमागे किमान ५, जास्तीत जास्त ३०. प्लांटमध्ये ४० दिसत असतील तर ते शिकाऊ नसून स्वस्त मजूर आहेत. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ हा कामगार धरला जात नाही, त्यामुळे सभासद करून भांडता येत नाही असं वाटतं. पण जुन्या कारखाने कायद्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्यालाही लागू केलेल्या आहेत. त्याची लॉगबुक महिन्यातून एकदा बघा. महिनाभर एकच काम लिहिलेलं असेल, किंवा नाईटला तो एकटा मशीनवर दिसला, तर ती गोष्ट समितीत मांडायची.

काजूच्या शेडमध्ये

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काजू कारखान्यांत बहुतेक बायका किलोवर काम करतात. तिथे ‘वर्गाचा वेळ पगारी’ हे वाक्य पोकळ आहे, कारण पगार तासाचा नाहीच. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा. समजा ७२ दिवसांत ८६४ किलो, म्हणजे दिवसाला १२ किलो. आठ तासांतले दोन तास वर्ग असेल तर तीन किलोचा दर त्या दिवशी हातात पडला पाहिजे. हे पैसे पहिल्याच आठवड्यात रोख द्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात शेड भरलेली आणि वर्ग रिकामा.

इथला सगळ्यात फायद्याचा वर्ग प्रतवारीचा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. पौंड डोळ्यापुढे येत नाही, म्हणून १०० ग्रॅमवर आणा: २४० मध्ये ४९ ते ५३ गर बसतात, ३२० मध्ये ६६ ते ७०. स्वयंपाकघरातला एक साधा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आधी नजरेने निवडायचं, मग मोजायचं, असं रोज वीस मिनिटं केलं की नजर बसत जाते. सोलणाऱ्या बाईला प्रतवारीच्या टेबलावर कधी बसवायचं याचा निकष (उदाहरणार्थ, दहा नमुन्यांपैकी नऊ बरोबर) आधीच भिंतीवर लावा. नाहीतर टेबलावर मुकादमाच्या नात्यातलीच बसते.

कपात आली तर

औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम भरायची, आणि कपातीपासून ४५ दिवसांच्या आत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. हे नुकसानभरपाईपेक्षा वेगळे पैसे आहेत. हिशेबाच्या कागदावर दोन्ही एकाच ओळीत आले तर सही करू नका. नोटीस आल्याच्या दिवशीच प्रतिनिधीने यादी करावी: नाव, शेवटचा पगार, बँक खातं, आयएफएससी, आधार जोडलेला मोबाईल. बंद पडलेली खाती तेव्हाच कळतात. पंचेचाळीसावा दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि सेहेचाळीसाव्या दिवशी, ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांच्या नावांसह, कामगार आयुक्त कार्यालयात पत्र द्या. आणि त्या प्रत्येकाला मोजणीच्या वहीतल्या त्याच्या ओळीचा उतारा, युनियनच्या शिक्क्यानिशी, हातात द्या. पुढच्या गेटवर तोच त्याचा बायोडाटा.